बाराजणींचं एक पुस्तक



गटाच्या बैठकीत आपण हप्ते, व्याज, शेळ्या, मसाले, पापड यांबद्दल नेहमी बोलतो. आज मी तुमच्याशी फोटोंबद्दल बोलणार आहे. ऐकून हसू नका. हेही गटाचंच काम आहे, आणि त्यात हिशोबही आहे.

आता बऱ्याच घरांत कॅमेऱ्याचा फोन आला आहे. गटाचा, ग्रामसंघाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. सकाळी तो उघडला की फोटो येऊन पडलेले असतात. कुणाच्या परसातला पहिला भोपळा, कुणाच्या अंगणात वाळत घातलेली हळद, कुणाच्या वाडीत आलेला टँकर आणि त्यापुढे लागलेली हंड्यांची रांग. आपण अंगठा दाखवतो, ‘छान’ लिहितो आणि चुलीकडे वळतो. चार दिवसांत तो फोटो कुठंतरी वर निघून जातो. फोन भरला की आपणच पुसतो. फोन पाण्यात पडला की सगळंच जातं.

हेच फोटो निवडून, नीट लावून त्यांचं छापील पुस्तक करता येतं. चार गावांतल्या, एरवी फोनवरच भेटणाऱ्या बायकाही ते मिळून करू शकतात. कॅमेरा घरात आहे, छपाई तालुक्याला होते. खरी कसोटी वेगळीच आहे. कुठला फोटो घ्यायचा आणि कुठला नाही, हे ठरवायचं कुणी? खाली काय लिहायचं, कुणाच्या शब्दांत? ज्यांचा फोटो आहे त्यांना विचारलं का? या तीन प्रश्नांची उत्तरं सगळ्यांनी मिळून दिली, तर ते पुस्तक गटाचं होतं. एकीनेच दिली, तर ते तिचं होतं, आणि बाकीच्या अकराजणी नुसत्या फोटो पुरवणाऱ्या ठरतात.

आपले फोटो आजवर कुणी काढले, ते आठवून बघा. लग्नातला फोटोवाला, निवडणुकीत आलेले पाहुणे, योजनेचे साहेब. त्यांच्या फोटोत आपण धनादेश हातात धरून उभ्या असतो. चांगल्या नजरेने बघणारेही आहेत. पत्रकार पी. साईनाथ यांनी १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांत फिरून खेड्यांतल्या बायकांच्या कामाचे फोटो काढले. त्यांचं प्रदर्शन गावोगावी फिरलं. वीटभट्टीपासून चिखलणीपर्यंत बायका किती राबतात आणि ते काम कुणाच्या हिशोबात कसं येत नाही, हे त्यातून दिसलं. ते मोलाचं काम आहे. पण तिथेही कॅमेरा दुसऱ्याच्या हातात होता. तो आपल्या हातात आला तर आपण काय दाखवू?

याचं एक उत्तर चीनमध्ये मिळालं. युन्नान हा चीनचा नैऋत्येकडचा डोंगराळ प्रांत. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे बायकांच्या आरोग्याचा एक कार्यक्रम चालू होता. त्यात कॅरोलिन वांग आणि मेरी अ‍ॅन बरिस या दोघींनी एक गोष्ट सुचवली. बायकांना काय हवं हे फॉर्म भरून विचारण्यापेक्षा त्यांच्याच हातात कॅमेरे द्यावेत. चेंगजियांग आणि लुलियांग या दोन तालुक्यांतल्या ६२ शेतकरी बायकांनी साधे कॅमेरे घेतले आणि आपल्या रोजच्या जगण्याचे फोटो काढले. तेव्हा रोलचा जमाना होता. फोटो धुऊन येईपर्यंत काय निघालं ते कळत नसे.

त्यातल्या एका फोटोत मक्याच्या शेतात एक लहान मूल एकटंच पडलेलं आहे आणि त्याची आई तण काढते आहे. बाहेरच्या माणसाला तो नुसता शेताचा फोटो वाटला असता. त्या बायका एकत्र बसून बोलल्या तेव्हा त्यातली गोष्ट बाहेर आली. हंगामात काम उरकत नाही, घरात सांभाळायला वडीलधारं कुणी नाही, म्हणून मूल शेतात आणावं लागतं. तिथे त्याच्या अंगावर धूळ बसते, पाऊस येतो. आपल्याकडे झाडाला झोळी बांधून निंदणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको.

१९९५ साली त्यांच्या १०० फोटोंचं पुस्तक निघालं. फोटोंची प्रदर्शनं झाली. ज्यांच्या हातात निर्णय होते त्यांनी ते फोटो पाहिले. पुढे त्या भागात मुलं सांभाळायची सोय, सुईणींचं प्रशिक्षण आणि गरीब मुलींसाठी शिष्यवृत्ती अशी कामं उभी राहिली. फोटोंनी एकट्याने हे घडवलं असं मी म्हणणार नाही, मागे मोठा कार्यक्रम होता. पण कशाची गरज आहे हे बायकांनी स्वतः दाखवलं, आणि ते टाळता आलं नाही.

ही पद्धत आज जगभर वापरतात. फोटो समोर ठेवून पाच प्रश्न विचारायचे. आपल्या बोलीत ते असे होतील. यात काय दिसतंय? खरं तर इथं काय चाललंय? याचा आपल्या जगण्याशी काय संबंध? हे असं का आहे? यावर आपल्याला काय करता येईल? हे प्रश्न वहीत लिहून ठेवा. पुस्तक करताना ते पुन्हापुन्हा लागतील.

आता कामाला लागू. समजा, आपण बाराजणी आहोत.

पहिलं काम विषय ठरवायचं. ‘आमचं गाव’ हा विषय फार मोठा. त्यात देऊळ, जत्रा, बैलपोळा सगळं येतं आणि शेवटी काहीच हाती लागत नाही. लहान विषय घ्या. ‘पाणी’, ‘बाईचा एक दिवस’, ‘चुलीपासून बाजारापर्यंत’, ‘आमची बी-बियाणी’. विषय बारीक असला की नजर बारीक होते. ‘पाणी’ म्हटलं की एकजण हंडा काढेल, दुसरी खांद्यावरचा वळ काढेल, तिसरी गळका नळ, चौथी चार घरांनी मिळून भरलेला एक रांजण.

विषयाबरोबर मुदतही ठरवा. पेरणीत किंवा कापणीत हे काम काढू नका. सुगी उरकल्यावर, लग्नसराई सुरू होण्याआधी दोन महिने मिळाले तर पुरतात. जे ठरेल त्याचा ठराव इतिवृत्ताच्या वहीत लिहा, सह्या-अंगठे घ्या. पुढचे निम्मे वाद तिथेच मिटतात.

कामं वाटून घ्या. एक फोटो गोळा करेल, एक परवानग्यांची वही सांभाळेल, एक छापखान्याशी बोलेल, एक पैसे बघेल. अध्यक्ष आणि सचिव यांच्याच गळ्यात सगळं घालू नका. जी बैठकीत कोपऱ्यात बसते तिला परवानग्यांची वही द्या. ती घरोघरी जाईल, बोलेल.

ज्यांच्याकडे फोन नाही त्यांचं काय? बऱ्याच घरांत फोन नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खिशात असतो. म्हणून दोघींत एक फोन अशी जोडी लावा. फोन कुणाचाही असो, फोटोखाली नाव मात्र जिने काढला तिचंच येईल. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचा साधारण नियमही हाच आहे. नोकरीचा भाग म्हणून किंवा पैसे घेऊन दुसऱ्यासाठी काढलेला नसेल, तर फोटोवर पहिला हक्क काढणाऱ्याचा. गटाने पुस्तक केलं म्हणजे फोटो गटाच्या मालकीचे झाले असं नाही. ‘या पुस्तकासाठी हा फोटो वापरायला माझी हरकत नाही’ एवढं प्रत्येकीकडून लिहून घ्या. पुढे कुणी तो फोटो कॅलेंडरवर मागितला तर तिला पुन्हा विचारायचं.

आता फोटो गोळा करताना एक मोठी अडचण येते. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो नेहमीसारखा पाठवला की तो लहान होऊन जातो. फोनवर छान दिसतो, छापल्यावर धुरकट येतो. म्हणून फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. पिनेची खूण दाबली की तो पर्याय दिसतो. किंवा सरळ केबल लावून एका कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. फोटो लहानलहान ठिपक्यांचा बनलेला असतो, आणि चांगल्या छपाईला एका इंचात ३०० ठिपके लागतात असा हिशोब धरा. फोटो १८०० ठिपके लांब असेल तर तो ६ इंच नीट छापला जाईल. त्याहून मोठा ताणला तर फाटल्यासारखा दिसेल. फोटोवर फुलं, तारे, गोरं करणारी फिल्टरं नकोत. आपला उन्हाने रापलेला हात जसा आहे तसा येऊ द्या. आणि सगळे मूळ फोटो एका पेनड्राइव्हवर घालून तो गटाच्या पेटीत ठेवा.

आता परवानगी. ही गोष्ट घाईत उरकू नका. फोटोत ज्याचा चेहरा ओळखू येतो त्याला विचारायचं. नुसतं ‘फोटो काढू का’ एवढंच विचारून भागत नाही. ‘हा फोटो पुस्तकात छापला जाणार आहे, ग्रामपंचायतीत, शाळेत जाणार आहे, चालेल का?’ असं विचारायचं. फोटो दाखवून विचारायचं. सही येत नसेल तर तिचा होकार तिच्याच आवाजात फोनमध्ये घ्या. छपाईला जाईपर्यंत ती केव्हाही नको म्हणू शकते, आणि छापल्यानंतर मात्र पुस्तक परत बोलावता येत नाही, हेही आधीच सांगा.

लहान मुलांच्या फोटोला आईवडिलांची परवानगी घ्या, आणि मुलालाही विचारा. त्यांचं पूर्ण नाव आणि शाळा छापू नका. अंथरुणाला खिळलेलं माणूस, न्हाणारी बाई, दारू पिऊन पडलेला कुणाचा नवरा, असे फोटो आपल्याला सहज मिळतात. मिळतात म्हणून घ्यायचे नसतात. उद्या हेच पुस्तक त्या घरातल्या पोरीच्या हातात पडणार आहे.

मग अवघड गोष्टी सांगायच्याच नाहीत का? सांगायच्या. चेहरा न दाखवताही फोटो बोलतो. वाट बघत पडलेल्या ताटावरचं झाकण, मोडलेला हातपंप, कुलूप लागलेलं अंगणवाडीचं दार, पहाटेच्या अंधारात टमरेल घेऊन निघालेल्या तिघींच्या पाठमोऱ्या सावल्या. आणि एखाद्या फोटोमुळे काढणारीला घरी किंवा गावात त्रास होईल असं वाटत असेल, तर ‘गटातील एक सभासद’ एवढंच लिहा. पण हे तिने ठरवायचं. तिच्यासाठी म्हणून दुसऱ्या कुणी नाव गाळायचं नाही.

आता येते निवड. इथंच रुसवेफुगवे होतात. माझी सूचना अशी. प्रत्येकीचे दोन फोटो पुस्तकात येतील. एक फोटो ती स्वतः निवडेल. तो कुणीही बदलायचा नाही, जरा हलला असेल, वाकडा आला असेल, तरी नाही. तो तिचा आहे. दुसरा सगळ्यांनी मिळून निवडायचा. त्यासाठी प्रत्येकीने पाच फोटो द्यायचे. त्यांच्या साध्या झेरॉक्स काढा, एका कागदावर चार बसतात. कापून सतरंजीवर मांडा. काढणारीचं नाव मागे लिहा, म्हणजे नाव बघून कुणी निवडणार नाही. प्रत्येकीला बारा चिंचोके द्या आणि आवडलेल्या फोटोवर एकेक ठेवायला सांगा. मग मोजा. प्रत्येकीच्या पाचांतला ज्यावर जास्त चिंचोके पडले तो घ्यायचा.

पण मोजणी झाली की लगेच उठू नका. ज्याच्यावर एकही चिंचोका पडला नाही असे दोन-चार फोटो उचला आणि ते पाच प्रश्न विचारा. कधीकधी सगळ्यांनी टाळलेला फोटोच महत्त्वाचा निघतो. टाळला, कारण बघवत नाही. तसं निघालं तर निवड बदला. चिंचोके आपण ठेवलेले आहेत, ते आपल्याला हलवता येतात.

आणखी एक बघा. सतरंजीवर मांडलेल्या फोटोंत कोण दिसतच नाही? ओढ्यापलीकडच्या वस्तीतली एकतरी बाई आहे का? ऊसतोडीला गेलेल्या घरांचं काय? एकटी राहणारी म्हातारी? नसतील तर दोघींनी पुन्हा जाऊन भेटायचं. आपलं पुस्तक आपणच काढतो म्हणून ते आपोआप सगळ्यांचं होत नाही.

फोटोखाली दोन ओळी लिहा. ज्या बोलीत आपण बोलतो त्याच बोलीत. लिहिता येत नसेल तर तिला बोलू द्या, फोनमध्ये घ्या आणि नंतर जसंच्या तसं उतरवा. एखादा शिकलेला भाचा ‘हे शुद्ध करून देतो’ म्हणेल. त्याला चहा द्या, पण ओळी देऊ नका. फोटोत जे दिसतंय तेच पुन्हा लिहू नका. ‘मी हंडा भरते आहे’ हे दिसतंच आहे. ‘हा आजचा चौथा हंडा, अजून दोन राहिलेत’ हे दिसत नाही, म्हणून ते लिहायचं.

क्रम लावताना बाईमागून बाई असा लावू नका, नाहीतर ते हजेरीपुस्तक होतं. पहाटेपासून रात्रीपर्यंत लावा, किंवा मृगापासून पुढच्या मृगापर्यंत. पुस्तक उघडल्यावर समोरासमोर येणारी दोन पानं एकत्र बघा. एका बाजूला गाळाने भरलेली विहीर आणि दुसऱ्या बाजूला शाळा बुडवून रांगेत उभी असलेली मुलगी. असे दोन फोटो शेजारी आले की खाली फार लिहावं लागत नाही.

आता छपाई. ए-फोर कागद मधे दुमडला की चार पानं होतात. म्हणून मधे पिन मारलेल्या पुस्तकाची पानं चारच्या पटीत लागतात. आठ कागद दुमडले की बत्तीस पानं. बाराजणींचे दोन-दोन म्हणजे चोवीस पानं फोटोंची. उरली आठ. एक शीर्षकाचं, एक मनोगताचं, दोन पानांवर गावांचा हाताने काढलेला नकाशा, दोन पानांवर सगळ्याजणींची ओळख, एक आभाराचं, आणि शेवटचं कोरं, वाचणारीला काही लिहावंसं वाटलं तर. मुखपृष्ठाचा जाड कागद वेगळा.

तीन ठिकाणचे लेखी दर घ्या, बियाणं घेताना घेतो तसेच. पानं किती, रंगीत किती, कागद किती जाडीचा, प्रती किती, पिन आणि डीटीपी धरून की सोडून, हे सगळं दरात लिहिलेलं हवं. चाळीस-पन्नास प्रतींना डिजिटल छपाई परवडते. शेकड्यांनी काढायच्या असतील तर ऑफसेट विचारा. किती प्रती हव्यात ते मोजून ठरवा. बाराजणींना एकेक, फोटोत असलेल्या घरांना एकेक, शाळा, अंगणवाडी, आरोग्य केंद्र, ग्रंथालय, ग्रामपंचायत. पुस्तक विकलं तर पैसे कुठे जमा होतील, याचाही ठराव आधीच करा.

सगळी छपाई एकदम करायला सांगू नका. आधी एकच नमुना प्रत काढून घ्या. फोनवर टाइप केलेला मजकूर छापखान्याच्या फॉन्टमध्ये नेताना जोडाक्षरं मोडतात, रफार भलतीकडे जातो. म्हणून नमुन्यातलं प्रत्येक नाव जिचं तिला दाखवा. जिला वाचता येत नाही तिला मोठ्याने वाचून दाखवा. स्वतःचं नाव चुकीचं छापलेलं बाई विसरत नाही.

आणि पुस्तक हातात आल्यावर? ते कपाटात ठेवू नका. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा व्हावी अशी आपल्या राज्याच्या कायद्यात तरतूद आहे. त्या सभेत पुस्तक उघडा. ‘पाण्याची अडचण आहे’ असं म्हटलं की ‘बघू’ असं उत्तर मिळतं. तारखेसहित, ठिकाणासहित, बाराजणींनी काढलेले चोवीस फोटो टेबलावर असले की ‘बघू’ म्हणणाऱ्याला ते आधी बघावेच लागतात. एक प्रत पंचायतीच्या दप्तरी द्या, पोच घ्या, आणि ठराव मांडा. काम होईलच अशी हमी मी देत नाही. पण पुढच्या वर्षी तोच फोटो पुन्हा काढता येईल आणि दोन्ही शेजारी ठेवता येतील.

या आठवड्याच्या बैठकीसाठी एवढंच करा. प्रत्येकीने आपल्या फोनमधला एक फोटो आणायचा, देवाचा आणि फुलांचा सोडून. तो मधे ठेवायचा आणि पहिला प्रश्न विचारायचा, यात काय दिसतंय? ज्या बाईने फोटो काढला तिने शेवटी बोलायचं. आधी बाकीच्या अकराजणी काय बघतात ते तिला ऐकू द्या.